ज्येष्ठांच्या औषधांची पिशवी एकदा कोणीतरी ओतून बघा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

महोदय,

साठी ओलांडलेली माणसे असलेल्या बहुतेक घरांत एक पिशवी असते. साडीच्या दुकानाची नाहीतर किराण्याची, दारामागच्या खिळ्याला अडकवलेली. तिच्यात बीपीच्या गोळ्या असतात, शुगरच्या असतात, हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या, गेल्या दिवाळीत चक्कर आली तेव्हाच्या आणि शेजारणीला गुण आला म्हणून आणलेल्याही. काही पाकिटांची टोके कापलेली असल्यामुळे त्यांच्यावर ना नाव उरलेले असते ना मुदतीची तारीख. हृदयाचे डॉक्टर हृदय तपासतात, हाडांचे डॉक्टर गुडघा तपासतात. ही पिशवी मात्र कोणाच्याच टेबलावर ओतली जात नाही.

आम्ही नोंदणीकृत फार्मासिस्ट आहोत. आमच्यातले काही सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीमागे असतात, काही मेडिकलच्या काउंटरमागे. गोळी रुग्णाच्या हातात पडण्याआधी शेवटची आमच्या हातात असते. म्हणून औषधामुळे जे बिघडते त्याचा वाटा आमच्याही माथी येतो, आणि म्हणूनच हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

2011 च्या जनगणनेत राज्यात साठीपुढचे लोक सुमारे 1 कोटी 11 लाख होते. आज ते त्याहून बरेच अधिक आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हा निर्णय फार चांगला होता. औषध लोकांपर्यंत पोहोचले. ते कसे घ्यायचे, कशाबरोबर घ्यायचे नाही आणि कधी थांबवायचे, हे मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही.

आमच्या तक्रारी अशा आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी: एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध सुरू होते. चिठ्ठ्यांवर वारंवार दिसणारा एक क्रम सविस्तर सांगतो. सत्तरीतल्या माणसाला बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन सुरू होते. पहाटे लघवीला उठताना त्याला गरगरायला लागते. चक्करेसाठी सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन लिहिले जाते. ते असते चार-आठ दिवसांसाठी, पण ‘इतक्या तारखेला बंद’ असे कोणी लिहीत नाही, आणि जुनी चिठ्ठी दाखवून गोळी महिनोन्‌महिने मिळत राहते. ही दोन्ही औषधे मेंदूतल्या डोपामिनला, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या रसायनाला, अडवतात. सहा-आठ महिन्यांत चाल मंदावते, हात थरथरतो, चेहऱ्यावरचे भाव जातात. घरचे म्हणतात, कंपवात झाला. मग कंपवातावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल येते. त्याने तोंड कोरडे पडते, शौचाला होत नाही, माणूस रात्री असंबद्ध बोलू लागतो, आणि आधीच प्रोस्टेट वाढलेली असल्यामुळे लघवी तुंबते. शेवटी नळी घालावी लागते. मूळ गोष्ट एवढीच होती की उभे राहिल्यावर त्याचे बीपी उतरत होते.

ते शोधायला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाला 5 मिनिटे आडवे झोपवायचे आणि बीपी मोजायचे. उभे करून 1 मिनिटाने आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजायचे. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर चक्करेची गोळी लिहिण्याआधी बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांकडे बघायचे. दहा मिनिटांचे काम आहे. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना तेवढी दहा मिनिटे मिळत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे, पण ती कोणालातरी मिळालीच पाहिजेत.

ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधून लेव्होसल्पिराइड, हेही डोपामिनला अडवणारेच औषध, वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचेही असेच होते. त्या एका कॅप्सूलमध्ये दोन औषधे आहेत हे त्यांना माहीतच नसते. ॲम्लोडिपिनने पायावर सूज येते, ती उतरवायला लघवीची गोळी दिली जाते, मग रात्रीत चार वेळा उठणे, अंधारात पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे. त्यात झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू असेल तर पडण्याचा धोका आणखी वाढतो.

दुसरी तक्रार किडनीची. रिपोर्टवर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक, 1.2 असले की तो आकडा नॉर्मलच्या काठावर आहे म्हणून सोडून दिला जातो. आता 75 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या आजी घ्या. 140 मधून वय वजा करा: 65. त्याला वजनाने गुणा: 2925. 72 आणि 1.2 यांच्या गुणाकाराने, म्हणजे 86.4 ने भागा: साधारण 34. बाईमाणूस असल्यामुळे 0.85 ने गुणा: 29. म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स, किडनीची गाळण्याची ताकद, मिनिटाला 29 मिली. तरुण, धडधाकट माणसात तो 100 च्या आसपास असतो. स्नायू झिजलेल्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, म्हणून रिपोर्ट चांगला दिसतो. पायाच्या जळजळीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिनचा डोस या आजींसाठी नेहमीच्या एक चतुर्थांश हवा. पूर्ण डोस गेला तर त्या दिवसभर गुंगीत राहतात आणि घरच्यांना वाटते, वय झाले. हृदयाचे डिगॉक्सिन, रक्त पातळ करणारे डॅबिगॅट्रान यांचा डोसही याच हिशेबाने ठरतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होणारा हा हिशेब. पण केसपेपरवर वजनाचा रकाना कोरा असतो, तर तो करायचा कसा?

तिसरी तक्रार वेदनाशामकांची, आणि इथे आमच्या व्यवसायाची चूक आम्ही आधी कबूल करतो. टेल्मिसार्टन आणि लघवीचे औषध एकत्र असलेली बीपीची गोळी आज घरोघरी आहे. त्यावर डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक घेतले की किडनीवर तीन बाजूंनी मार बसतो: लघवीच्या औषधाने अंगातले पाणी कमी होते, टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतला दाब उतरवते आणि वेदनाशामक तिच्याकडे जाणारी रक्तवाहिनी आवळते. उन्हाळा असेल, जुलाब झाले असतील, तर थोड्याच दिवसांत किडनी निकामी होऊ शकते. डायक्लोफेनॅक शेड्यूल एच मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही. तरीही ‘गुडघ्याची गोळी द्या’ म्हटले की ती मिळते. गावोगाव विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकारही होत असतात. पुडीने आठ दिवसांत आराम पडतो, चेहरा सुजतो, शुगर चढते. आणि अनेक महिने घेऊन एकदम थांबवली तर माणूस कोसळतो.

चौथी, शुगर एकदम उतरण्याची. ग्लिबेनक्लामाइड हे शुगरचे औषध साठीपुढच्या लोकांसाठी योग्य नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतच नमूद आहे, कारण त्याचा परिणाम लांबतो आणि किडनी कमजोर असेल तर आणखी लांबतो. साखर पाजल्यावर आजोबा शुद्धीवर येतात, घरचे निर्धास्त होतात आणि चार-सहा तासांनी शुगर पुन्हा खाली जाते. अशा रुग्णाला किमान एक दिवस रुग्णालयात नजरेखाली ठेवावे लागते. त्याच जातीच्या ग्लिमेपिराइडनेही शुगर उतरते, विशेषतः गोळी घेतली आणि जेवण टळले तर. आपल्याकडे एकादशी आहे, श्रावणी सोमवार आहेत, नवरात्रीचे नऊ दिवस आहेत. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेले नसते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत आणि खूप लोकांना चालू आहेत. कडक उपवासात, उलट्या-जुलाबांत आणि ऑपरेशनच्या आधी त्या थांबवायच्या असतात, नाहीतर शुगरचा आकडा फारसा न चढताही रक्तात आम्ल साठते. हे रुग्णाला कोण सांगते?

पाचवी तक्रार इन्सुलिनच्या सिरिंजची. आपल्याकडे साध्या इन्सुलिनची बाटली बहुधा मिलीमागे 40 युनिटची असते आणि तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. मिलीमागे 100 युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. चुकून 40 ची बाटली आणि नारिंगी टोपणाची सिरिंज घरी गेली, तर 20 च्या रेघेपर्यंत ओढल्यावर शरीरात फक्त 8 युनिट जातात. शुगर चढत राहते, डॉक्टर डोस वाढवतात आणि एके दिवशी योग्य सिरिंज मिळते तेव्हा तो वाढीव डोस पूर्णच्या पूर्ण शरीरात जातो. उलटे झाले, म्हणजे 100 चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले, तर 20 च्या रेघेला 50 युनिट जातात. पेनच्या 100 च्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने इन्सुलिन ओढणारी घरेही आहेत, तिथे नेमके हेच होते. सिरिंज देताना बाटली समोर धरून दोन्हींवरचे आकडे जुळवायला दहा सेकंद लागतात.

सहावी, मेथोट्रेक्सेटची. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, उदाहरणार्थ 2.5 मिलिग्रॅमच्या 3 गोळ्या दर रविवारी. इतर सगळी औषधे रोजची असल्यामुळे हेही रोज घेतले जाते. त्याच्या जोडीला दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही लहान आणि बऱ्याचदा तशीच पिवळी, त्यामुळे अदलाबदल होते. सुरुवातीला तोंडात फोड येतात, मग ताप, मग पांढऱ्या पेशी उतरतात. यात माणसे दगावतात. चिठ्ठीवर नुसते ‘आठवड्यातून एकदा’ लिहून भागत नाही. वाराचे नाव हवे, कशासाठी ते हवे, आणि एका वेळी चार आठवड्यांच्या 12 गोळ्यांपेक्षा जास्त देऊच नयेत.

सातवी तक्रार कागदाची. औषधे सुट्या पाकिटात टाकून वर पेनाने दोन-तीन रेघा मारायच्या, हीच अनेक ठिकाणची पद्धत आहे. चिठ्ठीवर 1-0-1 (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक), एचएस (झोपताना), एसओएस (गरज पडली तर). ज्यांना अक्षर दिसत नाही, वाचता येत नाही, त्यांनी रंगावरून आणि आकारावरून गोळ्या ओळखायच्या, आणि पुढच्या महिन्यात कंपनी बदलली की रंगही बदलतो. एका कंपनीची बीपीची गोळी संपायच्या आत दुसऱ्या कंपनीची तीच गोळी दुसऱ्या नावाने घरात येते, आणि दोन्ही घेतल्या जातात. मोठ्या रुग्णालयातून मिळणारे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते. त्यावर नवी औषधे असतात. जुन्यांपैकी कोणती बंद करायची याचा उल्लेख नसतो. ॲस्पिरिन घरी चालू असलेल्या माणसाला रक्त पातळ करण्याची दुसरी गोळी मिळते, आणि चार दिवसांनी दाताच्या दवाखान्यात मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचे औषध. ॲसिनोकुमॅरोल किंवा वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर मेट्रोनिडाझोल गेले की रक्त फार पातळ होते, काळी शौच होते. दाताच्या डॉक्टरांना पिशवी कोणी दाखवली नव्हती, त्यांनीही विचारली नाही.

थायरॉइडची गोळी अनशापोटी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची. एसआर, एक्सआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी कुटून घालायची नाही. हाडांची आठवड्याची ॲलेंड्रोनेट गोळी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नाही. अशा बारीकसारीक सूचना पाकिटावर एका ओळीत मावतात.

महोदय, यासाठी नवा कायदा लागत नाही. फार्मसी कायदा, 1948 चे कलम 42 सांगते की चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, 2015 नुसार चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला समजावून सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. शेड्यूल एच-1 मधल्या औषधांची, ज्यात अल्प्राझोलाम येते, वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ते रजिस्टर 3 वर्षे ठेवायचे आहे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, ही दुरुस्ती वैद्यक परिषदेच्या नियमांत 2016 मध्येच झाली. तपासणीला येणारे अधिकारी खरेदीची बिले, फ्रिजचे तापमान आणि मुदत बघतात, आणि ते आवश्यकच आहे. आता फार्मासिस्ट स्वतः हजर आहे का आणि रुग्णाशी बोलतो का, हेही तितक्याच बारकाईने बघा. जिथे एकाच्या नावावर दुकान आणि काउंटरवर दुसराच, तिथे कारवाई करा. आमच्याच व्यवसायबंधूंना हे रुचणार नाही, तरी आम्ही मागतो आहोत.

आमच्या मागण्या:

1. पिशवी तपासणी सुरू करा. साठीपुढच्या आणि रोज पाच किंवा अधिक औषधे घेणाऱ्या प्रत्येकाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दर 6 महिन्यांनी वेळ द्या, आणि रुग्णालयातून घरी आल्यावर 7 दिवसांच्या आत एकदा. रुग्णाने घरातली सगळी औषधे आणायची: गोळ्या, ड्रॉप, मलम, काढे, पुड्या, सगळे. औषध निर्माण अधिकाऱ्याने, म्हणजे सरकारी फार्मासिस्टने, ती टेबलावर ओतायची आणि प्रत्येकासाठी चार प्रश्न विचारायचे: हे कशासाठी, कोणी सुरू केले, प्रत्यक्षात कसे घेता, घेतल्यापासून काय बदलले? मुदत संपलेली आणि दोनदा आलेली बाजूला काढायची. वजन, क्रिएटिनिन आणि उभे राहिल्यावरचे बीपी नोंदवायचे. शंका असेल ते वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर ठेवायचे, औषध बदलण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. एका रुग्णाला 20 मिनिटे धरली तर आठवड्यातल्या एका दुपारी 8 ते 9 जण होतात. त्यासाठी औषध निर्माण अधिकाऱ्यांची रिक्त पदे भरा. खिडकीवर एकच माणूस असेल तर ही दुपार कधीच मिळणार नाही.

2. एकच औषध कार्ड, मराठीत, जाड कागदाचे, ठळक मोठ्या अक्षरांत. रकाने: औषधाचे मूळ नाव आणि ताकद, कशासाठी, सकाळी-दुपारी-रात्री, जेवणाआधी की नंतर, कधीपर्यंत, कोणी सुरू केले. वर वजन, क्रिएटिनिन तारखेसह, आणि कशाची ॲलर्जी. मोबाइलवरची नोंद त्याच्या जोडीला असू द्या. कार्ड कागदाचेच हवे, कारण गोळी द्यायला बसलेली सून किंवा शेजारी तेच वाचणार आहे.

3. सरकारी औषध खिडकीवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर छापील मराठी लेबल. सूर्य आणि चंद्राच्या चित्रांसह. नाव आणि मुदत नसलेला कापलेला तुकडा देणे बंद.

4. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर मराठीत तीन याद्या सक्तीच्या: नवीन सुरू, आधीचे बंद, डोस बदललेले. कारणासकट.

5. मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, डिगॉक्सिन: ही औषधे देताना दुसऱ्या व्यक्तीने पडताळून सही करायची, सरकारी रुग्णालयांत तरी लगेच.

6. सरकारी पुरवठ्यातून साठीपुढच्यांना ग्लिबेनक्लामाइड देणे थांबवा. ज्यांना चालू आहे त्यांना एकदम न तोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलून द्या.

7. दुष्परिणाम नोंदवण्याचा अर्ज प्रत्येक आरोग्य केंद्रात दिसेल असा ठेवा आणि राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक 1800-180-3024 खिडकीवर मोठ्या अक्षरांत लावा. हा क्रमांक 60 वर्षांच्या माणसाला पाठ असायला हवा, आज तो बहुतेक कर्मचाऱ्यांनाही माहीत नाही.

8. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र यांसाठी 3,000 रुपये मिळतात. त्याच यादीत सात दिवसांच्या खणांची गोळ्यांची डबी घाला. किंमत फार नाही, आणि सकाळची गोळी घेतली की नाही हा प्रश्न तिने सुटतो.

एक गोष्ट तातडीची आहे. आषाढी वारीत बीपी आणि शुगर असलेले हजारो ज्येष्ठ तीन आठवडे चालतात. घाम, अनियमित जेवण, एकादशीचा उपवास, जुलाब आणि खांद्यावरच्या पिशवीत उन्हात तापलेले इन्सुलिन. वारीच्या मार्गावर वैद्यकीय पथके असतात आणि ती जिवापाड राबतात. त्यांच्या हाती रुग्णाचे कार्ड नसते, त्यामुळे बेशुद्ध माणूस नेमके काय घेतो हे त्यांना कळत नाही. यंदाच्या प्रस्थानाआधी, गावातून निघणाऱ्या प्रत्येक दिंडीतल्या साठीपुढच्या वारकऱ्यांची पिशवी तपासणी त्यांच्या आरोग्य केंद्रात करा आणि गळ्यात अडकवता येईल असे कार्ड द्या: औषधे, आजार, घरचा फोन आणि ‘उलट्या-जुलाब झाले तर या गोळ्या थांबवा आणि पथकाला भेटा’ ही एक ओळ, डॉक्टरांनी भरलेली. सर्व राज्याची योजना उभी राहायला वेळ लागेल हे आम्ही समजू शकतो. हे मात्र दोन महिन्यांत होण्यासारखे आहे.

हे पत्र वाचणाऱ्या सर्वांना एक विनंती. यात एखाद्या औषधाचे नाव दिसले म्हणून घरातल्यांची गोळी स्वतःहून बंद करू नका. फिट्सच्या, झोपेच्या, हृदयाच्या काही गोळ्या आणि स्टेरॉइड एकदम थांबवणे घेण्यापेक्षा घातक ठरू शकते. पिशवी घ्या, सगळी औषधे घाला आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर किंवा फार्मासिस्टसमोर ठेवा.

कार्डाचा आणि लेबलांचा मराठी मजकूर, चार प्रश्नांचा तक्ता आणि औषध निर्माण अधिकाऱ्यांसाठी एका दिवसाचे प्रशिक्षण तयार करून द्यायला आम्ही बांधील आहोत, विनामोबदला. बैठकीची तारीख आपण कळवावी.

आपले,
महाराष्ट्रातील काही नोंदणीकृत फार्मासिस्ट